ठकूआत्याच्या हाताचा गुण

भोर, ७ ऑगस्ट १९३८

तीर्थस्वरूप ठकूआत्यास,

तू माझ्याशी बोलत नाहीस हे मला ठाऊक आहे, म्हणून हा नमस्कार लांबूनच करतो. घ्यायचा तर घे, नाहीतर देवळाच्या पायरीवर ठेव.

सावळाराम मास्तर, हे पत्र तुम्ही भैरोबाच्या देवळात बसून वाचणार, आणि आत्या तांदूळ निवडत, ऐकतच नसल्यासारखं दाखवणार. तरी वाचा. धोंडाबाई शेजारधर्म म्हणून आल्या असतीलच, त्यांनाही नमस्कार.

शिमग्याला मी तुझ्याकडं तुझ्या घावाच्या पाल्याचं नाव विचारलं आणि तू भरल्या ताटावरून उठलीस. "बाजारात मांडाया मागतूस व्हय रं?" म्हणालीस. तेव्हापासून तुझा निरोप नाही, की चिंचेचा गोळा नाही. मी बाजारात काही मांडणार नाही, आत्या. ऐक.

मुंबईच्या एका संशोधनसंस्थेत एम. एस्सी.साठी एक जागा निघाली आहे. विषय औषधविज्ञान. यात औषध विकायचं नसतं. ते पोटात गेलं किंवा जखमेवर बसलं की आत नेमकं काय घडतं, ते शोधायचं असतं. मी डॉक्टर का झालो नाही हे अख्ख्या पासलीला माहीत आहे. तू कुणाचं कापलेलं बोट बांधायला बसलीस की मी उंबऱ्यातच आडवा व्हायचो, आणि तुला एकाऐवजी दोन रोगी सांभाळावे लागायचे. हा विषय माझ्यासाठीच काढल्यासारखा आहे. इथं रक्त काचेच्या नळीत असतं.

अर्ज करणाऱ्या प्रत्येकानं तिथल्या डॉक्टरसाहेबांना आपला विषय कळवायचा आहे आणि त्या औषधी झाडाचं पान, फूल, मूळ आणि नाव पाठवायचं आहे. मी विषय लिहिला, 'वेल्ह्याच्या डोंगरातला, विळ्याच्या घावाचं रक्त थांबवणारा पाला'. लिहिताना छाती फुगली होती. खाली नावाची जागा आली आणि टाक तिथंच थांबला.

जागा एकच आहे. मिळाली तर जानेवारीपासून मुंबई. नाही मिळाली तर जन्मभर इथल्या हायस्कुलात पोरांना प्राणवायू तयार करून दाखवायचा, तोही बाटली फुटली नाही तर. मला ही जागा हवी आहे, आत्या. तुझ्या नाकदुऱ्या काढीन इतकी हवी आहे. नाव सांग. नाहीतर निदान पाला तरी पाठव.

तुझा कुंडलिक


पासली, २१ ऑगस्ट १९३८

चिरंजीव कुंडलिक यास सावळाराम मास्तरांचा आशीर्वाद. ठकुबाई सांगतात आणि मी लिहितो. भाषा त्यांची, शाई माझी.

कुंडलिका, म्या तुज्यासंगं बोलत न्हाई. ह्ये मास्तर बोलत्यात.

नाव सांगनार न्हाई. पाल्याचं नाव तोंडातनं भाईर पडलं की त्याचा गुण गेला. आन् दुसरं आसं, की ज्यानं पाला दिला त्याचा हात रिकामा हुतो. माज्या सासूनं मला दिला, मंग मरस्तवर तिनं कुनाच्या घावाला हात लावला न्हाई. हितं भात पोटरीला आलंय. कापनीत रोज कुनाचं तरी बोट कापतंय. तुला पाला दिला, माजा हात रिकामा झाला, आन् तू ममईला जाऊन बसलास, तर हितल्या मानसांनी काय रगताचं बोट धरून आगगाडीत बसायचं?

आन् त्यो डाक्तर कोन? त्यानं आपल्या हातानं कुनाला बरं केलंय, का नुसतंच नळीत बगतो? औशदाचं पैसं घेतो का? त्यानं तुला इतकं इचारलं, तू त्याला काय बी इचारलं न्हाईस?

तरी कुटल्याला पाला धाडते, झाड दावलं न्हाई तवर हात रिकामा हुत न्हाई. तू उपाशी ऱ्हाशील म्हनून न्हवं, रडशील म्हनून. नाव इचारलं तर सांग त्याला, आत्याला इचार.

(वरील मजकूर बरहुकूम. गाठोडं बांधताना त्यांनी मला पाठ करून उभं केलं होतं. चिंचेचा गोळा आत आहे. तो मी सुचवलेला नाही. सा. मा.)


भोर, १८ सप्टेंबर १९३८

आत्या,

चिंच संपली. पाल्याचं मात्र जे झालं ते कसं सांगू?

तुझं गाठोडं मी जसंच्या तसं, दोनदा शिवून, मुंबईला पाठवलं. काल तिथल्या डॉक्टरसाहेबांचं उत्तर आलं. ते लिहितात, "आपण पाठवलेल्या पाल्यात तीन निरनिराळ्या झाडांची पानं एकत्र कुटलेली आहेत. त्यांतला एक शेवगा आहे. मी चाखून पाहिला. दुसरा बहुधा भोपळा. तिसऱ्याचा इतका भुगा केला आहे की तो ओळखणं कुणाच्याही हातचं नाही. तेव्हा एकतर अर्जदाराला आपलं झाड माहीत नाही, किंवा कुणीतरी ते फार हुशारीनं लपवलं आहे."

शेवगा, आत्या? भोपळा? एवढ्या मोठ्या संस्थेकडं मी भाजी पाठवली? आमच्या हेडमास्तरांना कुठून कळलं देव जाणे, आता रोज घंटेच्या वेळी विचारतात, "काय कुंडलिकराव, फोडणी कशाची देणार?" शिक्षकांच्या खोलीत माझी सोय राहिलेली नाही. मलाही काल खूप हसू आलं, आणि मग हसता हसता वाटलं, की संपलं, गेली जागा.

पण गेलेली नाही. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलंय, "लपवणाऱ्या व्यक्तीबद्दल मला कुतूहल आहे. नोव्हेंबरात मुलाखतीस यावं, आणि झाड घेऊन यावं. झाड नसेल तर येण्याची तसदी घेऊ नये."

तुझे प्रश्नही मी त्यांना कळवले होते. भीत भीत कळवले, पण कळवले. त्यांचं उत्तर आहे, की पुष्कळ वर्षं इस्पितळात रोगी पाहिले, काही बरे झाले, काही नाही झाले. हल्ली ते सशांवर औषधं तपासतात आणि ससे पैसे देत नाहीत. हा माणूस तुला आवडेल, आत्या. मला तर भेटण्याआधीच आवडलाय.

आता सगळं तुझ्यावर आहे.

कुंडलिक


पासली, २ ऑक्टोबर १९३८

(ठकुबाई आज स्वतःहून मला पत्र लिहायला घेऊन बसल्या. सा. मा.)

कुंडलिका, शेवगा चाखून वळखला? मानूस कामाचा हाय. ही धोंडाबाई इतकी वरसं माज्या कुंपनाला कान लावून हाय, तिला न्हाई वळखला. आता मास्तरांनी वाचलं तवा हितंच बसली व्हती, तोंड बगायसारकं झालं.

म्या तुला फशिवलं न्हाई बाबा. पाला आसाच द्याचा आसतो. सासूनं सांगितलं, आपला पाला दोन परक्या पाल्यात लपवून वाटायचा, मंजे नजरंनं कुनी उचलत न्हाई. एकला पाला म्या कुनाच्या हातावर कदी ठिवलाच न्हाई, तर तुज्या गाठोड्यात कुठनं यील? तुला ममईला दावायचाय ह्ये ध्येनातच न्हाई आलं. हाताला सवय, हातानं कुटलं.

आता नीट ऐक. पत्र आलं तवापासनं ह्योच इचार करतीया. सासूला म्या व्हते. मला कोन हाय? तूच की रं. लेक म्हनून वाढिवला तुला. माजा हात कदी ना कदी रिकामा व्हनारच. पर ज्याला रगत बगवत न्हाई त्याला म्या रगताचा पाला कसा दिऊ? तुज्या डाक्तरनं परीक्षा मांडलीया, तशी म्या बी मांडते. दिवाळीच्या सुटीला चालत ये. कापनी चालू आसल. पयलं जे बोट कापून यील त्ये तू धुवायचं, तू धरायचं, तू बांधायचं. उबा ऱ्हायलास तर पाला तुजा. आडवा झालास तर जा भोरला आन् वायू कर.


भोर, १२ ऑक्टोबर १९३८

आत्या,

मला आता दोन ठिकाणी प्रवेश मिळवायचा आहे, आणि मुंबईपेक्षा पासलीची धास्ती जास्त आहे.

तयारी चालू आहे. रोज शाळा सुटली की इथल्या दवाखान्यात कंपाउंडरांच्या मागं उभा राहतो. पहिल्या दिवशी त्यांच्याच अंगावर पडलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आधीच बाकावर निजवलं, म्हणजे पडायचा प्रश्न नको. काल म्हशीनं शिंग मारलेल्या एका माणसाची मलमपट्टी शेवटपर्यंत पाहिली. खिडकीचा गज घट्ट धरला होता, पण पाहिली. तो माणूस जाताना मला म्हणाला, "लई लागलं व्हय तुमाला?"

वसुबारसेला निघतो. कुणाला मुद्दाम कापून घ्यायला सांगू नकोस.

कुंडलिक


भोर, ३० ऑक्टोबर १९३८

आत्या,

हे पत्र खरं म्हणजे मास्तरांना आहे. मास्तर, तुम्ही दिवाळीला गावी गेला होता आणि पासलीतला सगळ्यांत मोठा तमाशा तुमचा हुकला. म्हणून लिहितो. आत्या ऐकेल आणि चुकलं तिथं टोकेल.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी खालच्या खाचरात कापणी होती. मी बांधावर बसून कुणाच्या विळ्याकडं पाहायचं नाही असं ठरवून सगळ्यांच्याच विळ्यांकडं पाहत होतो. आणि पहिलं बोट कुणाचं कापलं असेल? धोंडाबाईंचं. माझ्याकडं बघता बघता त्यांनी भाताऐवजी आपलं बोट धरलं. वर येऊन तो हात माझ्यापुढं असा धरला की जणू नवरीला मेंदी दाखवायची आहे.

आत्यानं दोन्ही हात पाठीमागं घेतले. म्हणाली, "कर."

मी धुतलं. मी धरलं. माझ्या कानात भुंगा फिरत होता आणि धोंडाबाईंचं तोंड कधी एक, कधी दोन दिसत होतं. त्या मला धीर देत होत्या, "दमानं, दमानं, माजं काय जात न्हाई." आत्यानं कुटलेला पाला दिला, मी तो बसवला, चिंधी गुंडाळली, गाठ मारली. गाठ बसली हे पाहिलं आणि मगच कापलेल्या भातावर आडवा झालो.

डोळे उघडले तेव्हा भांडण चाललं होतं. कापणीला आलेला गेनबा म्हणत होता, आडवा झाला, नापास. धोंडाबाई बांधलेलं बोट नाचवत ओरडत होत्या, "गाठ मारून पडला! आदी गाठ, मंग पडला!" सगळे आत्याकडं पाहायला लागले. आत्यानं धोंडाबाईंच्या बोटावरची गाठ ओढून पाहिली. मग म्हणाली, "घाव बांधून झाल्यावर मानसानं उबं ऱ्हावं का निजावं, ह्यो त्याचा इचार हाय. पास."

मास्तर, त्या खाचरात सगळी माणसं अशी हसली की बैल बिथरले.

त्या संध्याकाळी आत्या मला डोंगरावर घेऊन गेली. झाडापाशी तांदूळ ठेवले, हळद वाहिली, आणि पाहुण्याला बोलवावं तसं म्हणाली, "सकाळच्याला येतो. कामाला चल." दुसऱ्या दिवशी उजाडताना, त्याच्यावर आमची सावली पडणार नाही अशा बाजूनं जाऊन तिनं ते मला दाखवलं, हातात दिलं आणि कानात नाव सांगितलं. नाव इथं लिहीत नाही. येताना ओढ्यात तिनं कोपरापर्यंत हात धुतले आणि म्हणाली, "झालं. आता तू."

आत्या, मला त्या वेळी मोठ्यानं रडायचं होतं. तू पुढं चालत होतीस आणि लुगड्याला हात पुसत होतीस. मला एवढा आनंद कधी झाला नव्हता आणि एवढी लाजही कधी वाटली नव्हती. तुझं सगळ्यांत मोलाचं जे होतं ते मी घेऊन आलो, आणि तू वर शिदोरी बांधून दिलीस.

कुंडलिक


मुंबई, १४ नोव्हेंबर १९३८

आत्या,

आज मुलाखत झाली. डॉक्टरसाहेब उंच, टक्कल पडलेले, कोटाला सशाचे केस. मला पाहताच म्हणाले, "शेवगेवाले का?"

मी झाड पुढं ठेवलं. पान, फूल, मूळ, सगळं ओल्या फडक्यातून निघालं. त्यांनी भिंग लावून ते उलटंपालटं केलं आणि विचारलं, "तुमच्याकडं याला काय म्हणतात?"

म्हणजे तू कानात सांगितलेलं ते नाव. मी म्हणालो, "साहेब, हे नाव उच्चारलं तर पाल्याचा गुण जातो असं आमच्याकडं मानतात." मला वाटलं, आता हसतील. ते हसले नाहीत. भिंग खाली ठेवलं आणि म्हणाले, "मानतात ना? मग ते तपासता येईल. सांगा."

मी सांगितलं, आत्या. हळूच, पण सांगितलं. शिदोरी बांधताना तू म्हणाली होतीस, आता तुझा आहे, तुला वाटेल ते कर. तरी सांगून झाल्यावर, भात अजून उभं आहे आणि तुझा हात रिकामा आहे, हेच डोक्यात आलं.

पुष्कळ उमेदवारांतून त्यांनी दोघांना ठेवलंय. एक मी, एक इथल्याच कॉलेजातला फार हुशार मुलगा. डिसेंबरात पुन्हा बोलावलंय. तेव्हा प्रयोगशाळेत सशाच्या कानाला बारीक चीर द्यायची आणि आपापलं औषध लावून रक्त थांबवून दाखवायचं. काचेच्या नळीचं मी उगाच म्हणालो होतो.

पासलीत सगळं ठीक आहे ना? लवकर कळव.

कुंडलिक


पासली, २७ नोव्हेंबर १९३८

(ठकुबाई फार घाईत आहेत. मला टाक बुडवायलाही वेळ देत नाहीत. सा. मा.)

कुंडलिका, आरं, थांबलं की रं!

ऐक. तुजं पत्र आलं, नाव सांगितल्याचं कळलं, तवा मला वाटलं झालं, आता पाला बी गेला. हात तर माजा आदीच गेलेला. गुरवारी गेनबाच्या पायावर कुऱ्हाड बसली. त्याला उचलून माज्याच दारात आनला. म्या म्हनलं, मला न्हाई येत आता, माजा हात रिकामा हाय, येल्ह्याला न्या. गेनबा पांडरा फटक पडलेला. त्यो म्हनतो, "ठकूआत्या, रिकामा तर रिकामा, पर हात लाव." मंग काय करू? कुटला पाला आन् लावला. डोळं मिटून धरून बसले. उगडलं तर रगत थांबलं! नाव बी गेलं, हात बी गेला, आन् थांबलं! गेनबा आज काठी घिऊन हिंडतोय.

म्या येडी झाले. पयलं हसले, मंग मला राग आला. मंजे सासू उगंच बसून ऱ्हायली व्हय मरस्तवर?

मंग म्या काय केलं सांगू? काल गावातल्या समद्या बायांना घिऊन डोंगरावर गेले आन् म्हनलं, ह्यो बगा, ह्यो पाला, आता घ्या आपापल्या हातानं. धोंडाबाईनं वाकून बगितला. म्हनली, "ह्यो? ह्यो तर माज्या परसात हाय, म्या रोज उपटून टाकतीया!" बाया हसून हसून खाली बसल्या. म्या बी.

पर येक इचारते. घरी आल्यावर हातांकडं बगत बसले. लोकं लांबलांबनं यायची, ठकुबाईच्या हाताला गुण हाय म्हनायची. आता गुण पाल्यातच हाय म्हनल्यावर, म्या कोन रं? रागानं न्हाई इचारत. तू त्याचंच शिकायला चाललास, म्हनून इचारते.

सशाचं नीट कर. पडू नगं.


मुंबई, ९ डिसेंबर १९३८

आत्या,

घेतलं! मला घेतलं! जानेवारीपासून मी इथं. पोस्टात उभा राहून लिहितोय आणि माझ्यामागं रांग लागली आहे, लागू दे.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ते मला काल मिळालं, म्हणून शेवटपर्यंत ऐक.

ससा टेबलावर होता. पांढरा, गुबगुबीत, माझ्यापेक्षा निवांत. कानाला चीर दिली. माझं डोकं गरगरलं, पण उभा राहिलो. पाला लावला, दाबला, आणि थांबलं का म्हणून उचलून पाहिलं. नव्हतं थांबलं. पुन्हा लावला, पुन्हा पाहिलं. वाहतच होतं. तो हुशार मुलगा शेजारी आपलं काम संपवून हात पुसत होता. मला वाटलं, नाव सांगितल्यामुळं गुण गेला, जागा गेली, सगळं गेलं. मग गेनबाचा पाय आठवला. पाला तर तोच होता. तुझ्यापाशी थांबतं आणि माझ्यापाशी का नाही?

आणि मला तू दिसलीस. तू घाव धरलास की कधीच उचलून पाहत नाहीस. तू त्या माणसाच्या तोंडाकडं पाहतेस आणि विचारतेस, गाय व्याली का, पोरगी सासरी नांदते का, भात कसं आहे. तो सांगत राहतो, तू धरून राहतेस. लहानपणी उंबऱ्यात पडल्या पडल्या मला वाटायचं, आत्याला चौकशा फार.

मी पाला लावला, अंगठा दाबला आणि सशाच्या तोंडाकडं पाहिलं. म्हणालो, "काय पाव्हणं, यंदा भात कसं हाय?" अख्खी प्रयोगशाळा माझ्याकडं बघायला लागली. मी सशाला पासलीतल्या प्रत्येक खाचराची खुशाली सांगितली. हात काढला तेव्हा रक्त थांबलेलं होतं.

डॉक्टरसाहेबांनी विचारलं, हे कुणी शिकवलं? मी तुझं नाव सांगितलं आणि तुझा प्रश्नही, की गुण पाल्यात का हातात. मग त्यांनी स्वतः करून पाहिलं. एका कानाला नुसता पाला ठेवला, दाब नाही. एका कानाला दाब दिला, पाला नाही. दोन्ही ठिकाणी रक्त थांबायला पुष्कळ वेळ लागला. दोन्ही मिळून केलं की लगेच थांबलं. तो दुसरा मुलगा माझ्याहून हुशार आहे, पण साहेब म्हणाले, "त्याच्याकडं औषध आहे, तुमच्याकडं प्रश्न आहे. मला प्रश्नवाला हवा."

तेव्हा ऐक, आत्या. लोक खोटं बोलत नव्हते. पाल्याचा गुण पाल्यात आहे, तो नाव सांगून जात नाही. आणि तुझ्या हाताचा गुण तुझ्या हातात आहे, तो कुणाला दिला तरी जात नाही. मला तू पाला दिलास. हात अजून दिलेला नाहीस, कारण तो ओंजळीतून देता येत नाही. तो शेजारी बसून शिकावा लागतो.

नाताळात येतो. तोवर गावात जो कुणी कापून घेईल, त्याला तूच धर.

तुझा कुंडलिक